निमकर काकांचं चाइल्ड क्रेडिट

माझ्या मुलीच्या सतराव्या वाढदिवसाला निमकर काका आले ते सांत्वनाला आल्यासारखे. घरात केक, फुगे, सईच्या मैत्रिणींचा कलकलाट. आणि काकांनी दारातच माझा हात दोन्ही हातांत धरला.

"गेलं रे," ते म्हणाले. "आता काही इलाज नाही."

"काय गेलं काका?"

"चाइल्ड टॅक्स क्रेडिट. मुलामागे सरकार टॅक्समध्ये हजारोंनी सोडतं ते. वर्षअखेरीला सतरा पूर्ण असले की संपलं. आता तिचे नुसते पाचशे डॉलर."

सईने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, इज ही ओके?" या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमधल्या एकाही मराठी माणसाकडे नाही.

काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. जन्मभर पुलांचे इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर बाकीचे गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, गुडघे बदलतात. काका टॅक्सचे फॉर्म भरतात. फेब्रुवारी ते एप्रिल लायब्ररीत बसून गरजूंचे, फुकट. उरलेले नऊ महिने जो तावडीत सापडेल त्याचे. त्यातही सगळा जीव या एका क्रेडिटवर. "कसे आहात" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. ते विचारतात, "रेघेच्या आत की बाहेर?"

ही रेघ म्हणजे उत्पन्नाची. नवरा-बायकोने टॅक्स रिटर्न एकत्र फाइल केला तर चार लाख डॉलर, एकट्याने केला तर दोन लाख. त्याच्या वर गेलात की क्रेडिटमधून हजारामागे पन्नास डॉलर कापले जातात. हे त्यांनी मला गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत समजावलं. माझ्याच हातातला बुंदीचा लाडू घेऊन.

"हा तुझ्या पोरीचा लाडू. तू हजार डॉलर वर गेलास." एक चिमूट काकांच्या तोंडात. "आणखी हजार." दुसरी चिमूट. "तुला प्रमोशन मिळालं." इथे अर्धा लाडू गेला. मी रिकामा हात पुसत म्हटलं, "काका, समजलं." ते म्हणाले, "सिंगल पेरंटचं सांगायचं राहिलं. दुसरा लाडू आण."

एकाला मोठा बोनस मिळाला, म्हणून त्याने पार्टी दिली. काका त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अरे, रेघ ओलांडलीस. रिटायरमेंट अकाउंटमध्ये जास्त टाक, तेवढं उत्पन्नात धरत नाहीत, परत आत ये." तो माणूस आता पार्टीची तारीख काकांना कळू देत नाही. लोक हसतात, टाळतात, पण टॅक्सची मुदत जवळ आली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या गाड्या काकांच्याच दारात उभ्या असतात.

एकदा मात्र मला वाटलं होतं, जमीन दुभंगावी. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात आम्ही रांगेत होतो. काउंटरवर नागपूरच्या सुनीताताई. नवरा सोडून गेलेला, दोन लहान मुलं पदरात. काकांनी कोथिंबिरीची जुडी पुढे ठेवली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, मुलं किती? वर्षाची कमाई किती?"

मी चिप्सचं पाकीट वाचायला लागलो.

सुनीताताई संकोचून म्हणाल्या, "काका, माझी कमाई ती केवढीशी. टॅक्स लागतच नाही, तं फाइल कशाला करू? कधी केलंच नाही."

काका पांढरे पडले. "कधीच नाही?"

मागच्या बाईंनी घसा खाकरला. काका वळून म्हणाले, "दोन मिनिटं थांबा हो, इथे दोन मुलांचं नुकसान चाललंय." मग सुनीताताईंना म्हणाले, "रेघ फक्त वर नसते ताई. खालीही एक असते. अगदी कमी कमावणाऱ्याला पूर्ण मिळतच नाही. ज्याला गरज त्यालाच कमी, हा गाढवपणा माझा नाही, कायद्याचा आहे. पण तुमच्या पगारावर, टॅक्स लागत नसला तरी, बरंच हातात मिळेल. मागच्या तीन वर्षांचंही मागता येतं."

त्या घाबरल्या. "मागितलं अन् ग्रीन कार्डात लफडं झालं तं?"

काकांनी "काही होत नाही" असं ठोकून दिलं नाही. वहीत प्रश्न लिहून घेतला, ओळखीच्या वकिलाला विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सांगितलं, "काही धोका नाही. कागद घेऊन या." चार रविवार ते त्यांच्याबरोबर बसले. पैसे आले तेव्हा सुनीताताईंनी मुलांना बर्फातले बूट घेतले, जॅकेट घेतली आणि काकांना पेढे आणले. काका म्हणाले, "मी फी घेत नाही." आणि चार खाल्ले.

तर हे निमकर काका. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या किचन टेबलाशी माझा रिटर्न दाखवत बसलो होतो, आणि अनिकेत आला, हातात लॅपटॉप. अनिकेत आणि त्याची बायको मृण्मयी दोघंही डॉक्टर, आमच्याच गल्लीतले. नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने डबे पोचवले आणि त्याबद्दल बोलायचं टाळलं.

"काका, चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय," तो म्हणाला. "टॅक्सचं सॉफ्टवेअर विचारतंय, डिपेंडंट्स, म्हणजे मुलं, किती."

मला धास्ती, आता काका रेघ काढतात की काय. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाव ठेवलं होतं?"

"ईरा."

"मग लिही."

"काका, आमच्या इन्कमवर एक डॉलर मिळणार नाही. आणि मिळाला असता तरी मला नको होता."

"मिळू दे शून्य. नाव लिही."

अनिकेतने लिहिलं. पुढच्या पानावर प्रश्न आला, मूल वर्षात किती महिने तुमच्याबरोबर राहिलं? त्याची बोटं थांबली. "एक दिवस. एका दिवसाचं काय लिहू?"

"बारा."

"काका..."

"बारा लिही. नियमच आहे तसा. त्या वर्षी जन्मलं आणि गेलं, तरी ते मूल वर्षभर तुमच्या घरी होतं असं धरतात."

अनिकेतने बारा लिहिलं आणि तो रडायला लागला. काका त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बर्थ सर्टिफिकेटची कॉपी जोड. हा रिटर्न ऑनलाइन जाणार नाही, पोस्टाने पाठवू, मी येतो बरोबर."

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, शून्य क्रेडिटसाठी तुम्ही आग्रह धरलात?" काकांनी जॅकेट चढवलं, फावडं घेतलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेले.

काकू माझ्यापुढे चहा ठेवून समोर बसल्या.

"आमची नऊ तास होती," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली. भारतात फोन केला तर सगळे म्हणाले, विसरा आता. नावसुद्धा कुणी विचारलं नाही. एप्रिलमध्ये हे फॉर्म भरायला बसले, तर त्यात मुलाच्या नावासाठी एक ओळ होती."

मी विचारलं, "काय नाव होतं, काकू?"



"मंजिरी," त्या म्हणाल्या, आणि एकदम हसल्या. "स्पेलिंगच्या शेवटी आय लिहायचं की डबल ई, यावर आम्ही दोघं तासभर भांडलो होतो."