बिनघाटाचा रस्ता

भाऊराव ढोबळेच्या व्हरांड्यात प्लायवूडची एक रिकामी चौकट टांगलेली आहे. नवीन माणसाला वाटतं, आत देवाचा फोटो असेल आणि तो पुसायला काढला असेल. तसं नाही. ती चौकट म्हणजे भाऊरावच्या गाडीच्या डिकीचं तोंड. मापाला माप, कोपऱ्यांच्या गोलाईसकट. सहलीला न्यायची प्रत्येक बॅग आधी या चौकटीतून जाते. अलगद सरकली तर भाऊराव म्हणतो, "गो." अडकली तर म्हणतो, "नो-गो," आणि बॅग मालकासकट घरी परत.

मागच्या आठवड्यात नलूवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, लाडवांचा डबा भरला. डबा चौकटीत अडकला. वहिनींनी हाताने जरासा रेटला, तसा भाऊराव ओरडला, "हां हां हां! गेजला जोर लावायचा नसते! आपल्या वजनानं गेलं तर गेलं."

"मग काय डबा ठोकून चपटा करू?"

"डबा बदल."

डबा बदलला. लहान डब्यात न मावलेले लाडू 'रिजेक्शन' म्हणून आम्ही दोघांनी जागच्या जागी निकालात काढले.

परवा सकाळी साडेपाचला आम्ही निघतो आहोत. हे वाक्य मी आज चार जणांना सांगितलं आणि पाचव्यांदा कागदावर लिहितो आहे, तरी हौस फिटत नाही.

भाऊराव आणि मी, दोघंही शहात्तरीचे. दोघांचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघंही तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत, गेज सेक्शनला लागलो. गेज म्हणजे माप तपासायचं लोखंडी हत्यार. त्याची 'गो' बाजू भोकात शिरली पाहिजे, 'नो-गो' बाजू शिरता कामा नये. भाऊराव गेज घडवायचा, मी इन्स्पेक्टर म्हणून तपासायचो. आडनाव ढोबळे आणि उभी नोकरी केसाच्या जाडीएवढा फरक मोजण्यात गेली. निवृत्त झाला, पण सवय नाही निवृत्त झाली. घमापूरच्या बाजारात तो खिशातल्या लोखंडी कड्यातून एकेक लिंबू पास करून घेतो. तिथली भाजीवाली त्याला म्हणते, "दादा, नींबू लेना है, कि नौकरी पे रखना है?"

महाराजपूरला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. माझी बायको गेल्यापासून सकाळचा चहा मी त्याच्याच व्हरांड्यात पितो, चौकटीखाली. आणि निवृत्त झाल्यापासून गेली सोळा वर्षं त्या चहाबरोबर एकच विषय असतो: सात दिवसांची सहल.

तिला तो सहल म्हणत नाही, 'जॉब' म्हणतो. जॉबला फॅक्टरीसारखं रूट कार्ड आहे, म्हणजे कामाच्या टप्प्यांचा तक्ता. पहिला दिवस पचमढी. दुसरा सातपुड्याचं जंगल. तिसरा मेळघाट, चिखलदरा. मग दोन दिवस नैर्ऋत्येला, कोयनेच्या डोंगरापर्यंत. सहाव्या दिवशी घाट उतरून गुहागर. सातव्या दिवशी हेदवीचे काळे कातळ. तिथे कातळाच्या एका फटीत लाट घुसते आणि पाणी माडाएवढं उंच उडतं म्हणे. परतीचं कार्ड वेगळं आहे, ते अजून उघडलेलं नाही.

"वामन, विचार कर," तो बशीतला चहा तसाच धरून म्हणतो. "आपल्या धुआंधार धबधब्याचं पाणी खाली पडते. तिथलं वर उडते! जबलपूरच्या माणसानं पाहायला नको का?"

दर दिवाळीनंतर कार्ड सुधारलं जातं. सध्या सुधारणा क्रमांक सोळा चालू आहे. दर वर्षी गाडी धुतली जाते, हवा भरली जाते, स्टेपनी दोनदा काढून दोनदा बसवली जाते. दर वर्षी निघायचा दिवस ठरतो. आणि दर वर्षी आदल्या दिवशी भाऊराव कॉलनीत जाहीर करतो, "गाडीचं काम निघालं. पुढच्या साली."

समोरचे चौबेजी त्याला 'निघाले दादा' म्हणतात. मराठीतला एवढा एकच शब्द त्यांना येतो, तोही भाऊरावकडूनच शिकलेला. "क्यों निघाले दादा, इस साल निघाले कि नहीं निघाले?" असं गेटवरूनच विचारतात. नलूवहिनी बिचाऱ्या थांबून थांबून थकल्या आणि चार वर्षांपूर्वी बहिणीबरोबर रेल्वेने जाऊन समुद्र पाहून आल्या. "भाऊजी, मी यांना मोबाइलवर फोटो दाखवला," त्या मला सांगत होत्या, "तर यांनी डोळे मिटले! म्हणे फोटोत नाही पाहणार. अन् जाऊन तर पाहत नाहीत. घाबरट कुठले."

घाबरट. हा शब्द कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊराव ढोबळेला घाटाची भीती वाटते, म्हणून तो निघत नाही. त्याला पुरावाही आहे. दर रविवारी तो रिछाईला जातो. तिथे कारखान्यांबाहेर ट्रक उभे असतात. महाराष्ट्राच्या नंबरचा ट्रक दिसला की भाऊराव वही काढतो.

"भैया, कोकण गये हो कभी? उधर घाट में मोड़ कितने हैं?"

"चाचा, मोड़ गिनेंगे तो गाड़ी कौन चलाएगा?"

"अच्छा, ऐसा कोई रास्ता है, जिसमें घाट ही न हो?"

एका सरदारजी ड्रायव्हरने त्याला जवळ बसवून, चहा पाजून, हवेत हाताने मोठ्ठी भिंत काढून दाखवली होती. "पहाड़ इधर, समुंदर उधर. बीच में से कैसे निकलोगे, चाचा? सुरंग खोदोगे?" भाऊरावने वहीत लिहिलं: 'बिनघाटाचा रस्ता: आज मिळाला नाही.' 'आज' हा शब्द मी स्वतः वाचला आहे.

सोळा वर्षं हा माणूस समुद्राकडे जाणारा बिनघाटाचा रस्ता शोधतो आहे आणि सोळा वर्षं लोक त्याला हसताहेत. आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. घाटाची भीती भाऊरावला नाही. मला आहे.

चाळीस वर्षांपूर्वी सेक्शनची पिकनिक पचमढीला निघाली होती. पायथ्याचं मटकुली गाव सोडल्यावर घाट लागला. मी खिडकीशी बसलो होतो. एका वळणावर बाहेर पाहिलं तर रस्ता नव्हताच, एकदम खाली झाडांचे शेंडे. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी बसच्या फरशीवर होतो आणि सीटचा लोखंडी पाय दोन्ही हातांनी कवटाळला होता. शेजारी भाऊराव. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःही धपकन खाली बसला. तोंडावर हात धरून ओरडला, "ड्रायव्हर भैया, रोको! मुझे चक्कर आ रहा है! मैं नहीं जाता ऊपर!"

बस थांबली. पोरं खो खो हसली. भाऊराव माझा दंड घट्ट धरून खाली उतरला. पाहणाऱ्याला वाटावं, मीच त्याला उतरवतो आहे. बस वर गेली. आम्ही चालत मटकुलीला आलो आणि एका झाडाखाली दिवसभर पुऱ्या आणि लोणचं खाल्लं.

"तू काहून असं केलं?" मी विचारलं.

"तू इन्स्पेक्टर आहेस," तो पेरू सोलत म्हणाला. आयुष्यात पेरू सोलून खाणारा मी तेवढा एकच माणूस पाहिला. "पोरं तुला हसली तर उद्या तुझं रिजेक्शन कोण मानेल? मला हसले तर काय जाते? मी तर हसण्यावारीच आहो."

परत आल्यावर सेक्शनमध्ये बोललं गेलं, दोस्ती असावी तर वामनसारखी. ढोबळ्यासाठी पिकनिक सोडली. मी ते ऐकून घेतलं. एकदा ऐकून घेतलं की पुढच्या वेळी सोपं जातं.

आणि मग मी त्याहून वाईट केलं. भाऊरावच्या निवृत्तीच्या समारंभात माइक माझ्या हाती होता, समोर दोनशे माणसं होती, आणि मला टाळ्या हव्या होत्या. मी म्हणालो, "आमचे ढोबळे बारुदाला भीत नाहीत, पण वळणाला भितात!" हॉल हसून लोटपोट झाला. सगळ्यांत मोठ्याने भाऊराव हसला, गळ्यातला हार उडेपर्यंत. नलूवहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनाही त्याने कधी खरं सांगितलं नव्हतं, ते मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्याने पहिलं रूट कार्ड केलं ते त्याच्या पुढच्याच महिन्यात. पुढची डावी सीट, नाव: वामन. दर वर्षी आदल्या दिवशी तो माझ्याकडे यायचा आणि एवढंच विचारायचा, "गो?"

मी म्हणायचो गुडघा. मी म्हणायचो मोतीबिंदू. एकदा म्हणालो नातवाची परीक्षा आहे. नातू पुण्यात राहतो आणि परीक्षा त्याची असते. भाऊराव कधी वाद घालायचा नाही. "चलो, ठीक. जोर लावायचा नसते," म्हणायचा आणि कॉलनीत जाऊन गाडीच्या डोक्यावर दोष ठेवायचा. इतकी निर्दोष गाडी जबलपुरात दुसरी नसेल.

गेल्या महिन्यात तो पुतण्याकडे बारशाला म्हणून पुण्याला गेला. चार दिवसांचं बारसं आठ दिवसांचं झालं. आल्या आल्या त्याने माझ्यासमोर एक वही ठेवली आणि स्वतः चौकटीवरची धूळ पुसू लागला. मी वही उघडली.

'कुंभार्ली घाट, उतार. वळण पहिलं: डावं. दरी दिसते. वामनने वहीत पाहावं.

वळण दुसरं: उजवं. दरी दिसते. वामनने वहीतच पाहावं.'

पान उलटलं.

'वळण नववं: माकडं. वामनने काच वर करावी.

वळण सतरावं: मोठं आहे, पण लवकर संपते. मोठ्यानं वाचल्यास बरं.

वळण एकविसावं: इथं दरी नाही. वामनला वर पाहण्यास हरकत नाही. सुंदर आहे.'

असं शेवटच्या वळणापर्यंत. वहीच्या शेवटी पचमढी आणि चिखलदऱ्याच्या घाटांचीही पानं होती.

"हे तू कधी लिहिलं?"

"बारशानंतर कऱ्हाडला गेलो. तिथून एसटीनं घाट उतरलो. कंडक्टर म्हणे, आजोबा, तिकिटाचा हिशेब करून राहिले का?" तो धूळ पुसतच होता. "बिनघाटाचा रस्ता नाही, वामन. सगळ्यांना विचारलं. म्हटलं, घाट काढता येत नाही तर निदान त्याचं ड्रॉइंग तरी काढू. समोर काय येणार हे ठाऊक असलं की अर्धी भीती जाते. तू दरीकडे पाहू नको. तू वाचत जा, मी चालवत जातो."

"अन् समुद्र? कसा होता?"

"कोणता समुद्र?"

"अरे, घाट उतरल्यावर—"

"पोफळीला उतरलो. घाट संपते तिथं. चहा घेतला, समोरून परतीची गाडी आली, बसलो."

"भाऊराव, तिथून समुद्र किती लांब होता?"

"असेल दोनेक तास."

"अन् तू परत आला?"

आता त्याने फडकं खाली ठेवलं. "एकटा पाहून काय करू बे? पाणी वर उडालं अन् बाजूला 'ते पाहा' म्हणायला कोणी नसलं तर?"

मी वही मिटली. हाताने खूण केली. अंगठा वर. गो.

काल रविवार होता. सकाळी चहाला मी होतो, वहिनी होत्या आणि गेटवर चौबेजी आले होते. "क्यों निघाले दादा, इस बार भी—"

"चौबेजी," मी उभा राहिलो. माझे गुडघे खरोखरच दुखत होते. "अंदर आइए, बैठिए. चालीस साल पुरानी बात है."

मी सगळं सांगितलं. हिंदीत सांगितलं, म्हणजे चौबेजींना कळावं आणि दुपारपर्यंत कॉलनीला कळावं. भाऊराव मधेमधे, "ऐसा कुछ नहीं, इसकी उमर हो गई है," असं म्हणत होता. नलूवहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली.

"म्हणजे सोळा वर्षं मी यांना उगाच घाबरट म्हटलं?" त्या म्हणाल्या.

"हो वहिनी. ते माझं नाव आहे."

त्या माझ्याकडे नाही, त्याच्याकडे वळल्या. "अन् तुम्हाला तोंड नव्हतं? मला तर सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू याला चहा नसता दिला," भाऊराव म्हणाला. मग माझ्यावर उखडला, "अन् तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? चाळीस वर्षं टिकलेला माल खराब केला!"

वहिनी आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, डोळे पुसलेले. माझ्यापुढे चहाचा दुसरा कप ठेवला, जरा आपटूनच. पण ठेवला.

आज दुपारी मी बॅग घेऊन गेलो. दोन स्वेटर, औषधं, छत्री, ती वही, आणि मटकुलीला त्या झाडाखाली खायला पेरू. भाऊरावने चौकट खाली काढली, दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि मी वरून बॅग सोडली. बॅग अर्धी गेली आणि अडकली. बोटभर जास्त.

मी तिची चेन उघडू लागलो. "स्वेटर एक काढतो."

"थांब," भाऊराव म्हणाला. "रात्री चिखलदऱ्याला थंडी असते."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. वहिनी आत होत्या, गेटवर कोणी नव्हतं. मग उभ्या नोकरीत ज्याने गेजला कधी बोट लागू दिलं नाही, त्या माणसाने बॅगेवर गुडघा ठेवला आणि सगळं वजन टाकून दाबलं. प्लायवूड करकरलं. एक कोपरा चिरला. बॅग खाली पडली.

"गो," तो म्हणाला, आणि चिरलेली बाजू भिंतीकडे करून त्याने चौकट पुन्हा खिळ्याला टांगली.