श्रीपती साळिंदराची गाडी

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे हं बाळांनो, समुद्रापलीकडच्या जंगलात, सहसा कोणी चालत नसे. पाय सगळ्यांना होते. गोगलगाय आणि साप सोडा, बाकी सगळ्यांना होते. पण ते ब्रेक दाबायला होते.

तुम्ही विचाराल, जंगलात गाड्या कशा? पेट्रोल कुठून आलं? विचारू नका. गोष्ट आहे. गोष्टीत पेट्रोल असतं आणि स्वस्त असतं.

तर त्या जंगलात आपल्याकडचा एक साळिंदर नोकरीला गेला. त्याचं नाव श्रीपती. बायको चंद्रा. जाताना गावातल्या सगळ्या बिळांनी त्याला निरोप दिला. हार घातले. हार काट्यांत अडकले ते समुद्र ओलांडेपर्यंत निघाले नाहीत.

नोकरी धरणावर होती. धरणाच्या भिंतीत झाडांची मुळं घुसत, ती श्रीपतीने कुरतडायची. काम आवडीचं, त्यातून पोटही भरत होतं. साहेब होते पाणघोडे. अंगाने प्रचंड, बोलायला अगदी मऊ.

"श्रीपतराव," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीन महिने आम्ही तुम्हाला बघणार. ऊन भिंतीवर पडायच्या आत यायचं. तीनदा उशीर झाला तर आम्ही रागावत नाही."

"मग काय करता?"

"बोटीत बसवून देतो. आपल्या घरी."

आता श्रीपती राहायचा नऊ कोस लांब. जवळची बिळं सगळी आधीच्यांनी धरलेली.

पहिल्या दिवशी तो चालत निघाला. आपल्याकडे असता तर वेळेवर पोचला असता. पण इथे वाटेत ज्याची त्याची गाडी थांबायची, काच खाली व्हायची आणि आतून काळजीचा आवाज यायचा, "काय हो, गाडी कुठे बंद पडली?"

"बंद नाही पडली. मी चालतोय."

"अरेरे! कधीपासून होतंय असं?"

एका हरणीने तर त्याला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. सगळ्यांना उत्तरं देता देता ऊन भिंतीवर चढलं. उशीर एक.

दुसऱ्या खेपेला तो बसची वाट बघत उभा राहिला. बस म्हणून एक गेंडा होता. तो मंगळवारी यायचा. त्या मंगळवारी त्याला बरं नव्हतं. उशीर दोन.

मग मात्र श्रीपतीला घाम फुटला. तिसरा उशीर झाला की बोट. बोटीतून उतरलं की गाव. आणि गावात तीच सगळी बिळं, तेच सगळे हार घालणारे. "का रे, इतक्यात आलास?" हा प्रश्न त्याला झोपेतही ऐकू यायला लागला. त्याने साहेबांकडून पाच दिवस सुट्टी मागून घेतली. सोमवारी गाडीतूनच येतो म्हणाला.

"गाडी विकतची, भाड्याची का लीजची?" साहेबांनी सहज विचारलं.

श्रीपतीला तर वाटलं होतं, गाडी म्हणजे गाडी.

आता आपल्याकडची एक पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. आपण साधा कंगवा घ्यायचा तरी बाराजणांना विचारतो. साळिंदराला कंगवा लागत नाही, तरी तो विचारतो. श्रीपतीने त्या जंगलातली सगळी आपली माणसं, म्हणजे आपली जनावरं, हुडकून काढली आणि एकेकाच्या दारात जाऊन बसला.

पहिले कासवकाका. वीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी सल्ला द्यायला सकाळी सुरुवात केली आणि दुपारच्या चहाला पहिलं वाक्य संपवलं.

"विकत घे श्रीपती. स्वतःचं ते स्वतःचं."

"तुमची आहे का काका गाडी?"

"म्हणजे काय! ये, दाखवतो."

मागच्या अंगणात एक ढीग होता. काकांनी ताडपत्री काढली. खाली चादर होती. चादर काढली. खाली गाडी होती. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं, सुरकुतीसुद्धा नव्हती.

"अठरा वर्षं झाली घेऊन," काका अभिमानाने म्हणाले. "अजून नवी आहे की नाही?"

"तुम्ही चालवत नाही?"

"चालवली की खराब होते बाबा. मी जातो चालत."

श्रीपतीने नमस्कार केला. निघताना काकूने भोपळ्याच्या वड्या बांधून दिल्या, म्हणून तो फार बोलला नाही.

मग तो गेला धामणमावशीकडे. मावशीचं बीळ लखलखीत. दारात नवीकोरी लाल गाडी.

"विकत कशाला अडकतोस?" मावशी म्हणाली. "लीजवर घे. तीन वर्षं वापरायची, परत द्यायची, दुसरी आणायची. मी दर तीन वर्षांनी नवी आणते."

"पण मग मावशी, ही गाडी कोणाची?"

"माझीच की."

"आणि तीन वर्षांनी?"

"त्यांची."

"मग ती तुमची कशी?"

मावशी म्हणाली, "श्रीपती, मी अंगावरची कातसुद्धा ठेवत नाही. वर्षाला टाकते. आणि तू मला गाडीचं विचारतोस?"

कोकिळेकडे जायची गरजच पडली नाही. ती वाटेतच भेटली आणि झाडावरूनच ओरडली, "भाड्याने घे रे! रोज नवी! मी तर घरटंसुद्धा दुसऱ्याचं वापरते!" पण भाड्याच्या गाड्यांचं दुकान ऊन वर आल्यावर उघडतं असं कळलं. आणि श्रीपतीला तर उन्हाच्या आधी पोचायचं होतं.

म्हणजे भाड्याचं बाद झालं. विकतचं म्हणाल तर ज्याची नोकरी सोमवारी राहील का जाईल हे ठाऊक नाही, त्याने विकत घेऊन करायचं काय? बोटीत गाडी चढवायची? राहिलं लीज.

शनिवारी श्रीपती आणि चंद्रा बगळेसाहेबांच्या आवारात गेले. शंभर गाड्या ओळीने उभ्या, आणि मधे साहेब एका पायावर. पांढरेशुभ्र. गिऱ्हाईक येईपर्यंत हलायचे नाहीत, आलं की मात्र एकदम.

"या या या! कुठल्या बरं आपण? वा! मला फार आवडतात तुमच्याकडचे मासे."

त्यांनी एक निळी गाडी दाखवली. मग कागद दाखवले. कागद गाडीपेक्षा लांब होते.

"सोपं आहे," बगळेसाहेब म्हणाले. "तीन वर्षं मजेत वापरा. फक्त जशी नेली तशी परत करायची. एक ओरखडा नाही, एक पोचा नाही, आणि..." इथे त्यांची नजर हळूच श्रीपतीच्या पाठीवर गेली, "...एकही भोक नाही."

श्रीपती हसला. साळिंदराला हसताना काटे आवरावे लागतात. त्याने ते आवरले. पण सीट बघून त्याचा चेहरा उतरला. मऊ, गुबगुबीत, पिवळसर सीट. टेकलं की संपलं.

"अहो, सही करा," चंद्रा त्याच्या कानात म्हणाली. "टेकायचं नाही. वाकून बसायचं. तीन वर्षं काय, बघता बघता जातात."

त्याने सही केली.

संध्याकाळी दोघांनी घरी सराव केला. श्रीपती एका ओंडक्यावर बसला, नाक पुढे, पाठ वर, काटे चपटे. चंद्रा शेजारी पालथी झोपली. तिची जागा तीच ठरली, सीटवर पालथं पडायचं आणि हनुवटी खिडकीवर ठेवायची.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"कंबर मोडली."

"सवय होईल. बाहेरदेशात सगळ्यांचं असंच असतं म्हणे."

आणि इतकं झाल्यावर, बाळांनो, गाडी सोमवारी सरळ धरणावर गेली असती. पण मधे रविवार होता. आणि चंद्राने कुंकू काढलं.

"अगं, काय करतेस?"

"पूजा. पूजा केल्याशिवाय गाडी दारातून हलायची नाही."

"अगं, पण ती आपली नाही! बगळ्याची आहे!"

"देवाला काय माहीत?"

"देवाला सगळं माहीत असतं."

"मग त्याला हेही माहीत असेल की आत आपण बसणार आहोत. बगळा नाही."

यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर श्रीपतीला कळवा.

पूजेला सगळे आले. गाडी आली की पूजा होणारच हे ओळखून कासवकाका तर शुक्रवारीच निघाले होते, म्हणून वेळेवर पोचले. हार झाला, हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली. श्रीपतीने कुंकू बोटाने नाही, पानाने लावलं, म्हणजे पुसता येईल. इतका तो जपत होता.

नारळ कासवकाकांनी आणला होता. आपल्याकडून येताना आणलेला, वीस वर्षं जपलेला. दगडापेक्षा घट्ट झाला होता.

"फोडायचा कुठे?" श्रीपतीने इकडेतिकडे बघितलं.

त्या स्वच्छ जंगलात एक दगड पडलेला नव्हता. जे होते त्यांना पांढरा रंग दिलेला होता आणि वर पाटी, 'हात लावू नये'.

"एवढंच ना?" कासवकाका म्हणाले. "माझ्या पाठीवर फोड. घरचंच काम आहे."

"थांबा, थांबा!" धामणमावशी म्हणाली. "आधी फोटो! चंद्रा, तू आत बस गं. गावाला पाठवायला होईल." तिने शेपटीत मोबाईल धरला.

चंद्रा आत शिरली. फोटोसाठी म्हणून पालथी न पडता चांगली सरळ बसली, पण पाठ सीटपासून वीतभर दूर. छान हसली.

श्रीपतीने देवाचं नाव घेतलं आणि नारळ कासवकाकांच्या पाठीवर जीव खाऊन आपटला.

नारळ फुटला नाही. तो उडाला. उंच गेला, कोकिळेच्या शेजारून गेला, आणि धाडदिशी गाडीच्या बॉनेटवर पडला.

आता साळिंदर दचकलं की काय होतं? कोण सांगेल? बरोबर.

चंद्राचे झाडून सगळे काटे एकदम उभे राहिले. सीटमधून गेले, छतातून गेले, दारातून बाहेर आले. बाहेरून ती गाडी क्षणभर साळिंदरासारखीच दिसली.

चाकाखालचं एक लिंबू घरंगळत गेलं.

"माझी पाठ ठीक आहे," कासवकाका कवचाच्या आतून म्हणाले.

"फोटो मात्र सुरेख आलाय," धामणमावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी श्रीपती आणि चंद्रा जेवले नाहीत. चंद्राने तीनदा सॉरी म्हटलं. श्रीपती दोनदा "तुझा काय दोष, नारळाचा" म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला नाही.

सोमवारी तो अंधारातच उठला. बगळ्याला सांगायला गेलं तर उशीर होणार. उशीर झाला की बोट. त्याने गाडी काढली. सवयीने वाकून बसला, नाक पुढे, पाठ वर. पहिल्या वळणापर्यंत तसाच गेला. मग त्याच्या डोक्यात आलं, आता जपायचं काय?

आणि तो मागे टेकला.

खच् करून काटे सीटमध्ये रुतले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या देशात आल्यापासून त्याने पहिल्यांदा पाठ टेकली होती. भोकांतून गार वारा येत होता. श्रीपती गाणं गुणगुणायला लागला.

वाटेत बगळेसाहेबांचं आवार होतं. साहेब एका पायावर उभे होते. त्यांनी गाडी बघितली आणि दुसरा पाय खाली आला.

"थांबा! अहो, थांबा!"

थांबलं की उशीर. श्रीपतीने गाडी पळवली. बगळा उडाला. पुढे निळी गाडी, वर पांढरा बगळा, असे उरलेले कोस गेले. श्रीपती धरणावर पोचला तेव्हा ऊन तर सोडाच, कोंबडासुद्धा आरवला नव्हता. पाणघोडेसाहेबांनी पाण्यातून डोळे वर काढले.

"वा श्रीपतराव! सगळ्यांच्या आधी!"

मागोमाग बगळा उतरला. धापा टाकत त्याने गाडीला चक्कर मारली. एक भोक बघितलं, दुसरं बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. त्याने कागद उलगडला.

"कलम अकरा. मोडेल त्याची."

"म्हणजे काय हो?" श्रीपतीने विचारलं.

"म्हणजे अभिनंदन! गाडी आता तुमची. तुम्ही ती विकत घेतलीत. अकरा वर्षांचे हप्ते. इथे सही."

श्रीपतीने सही केली. तेवढ्यात पाणघोडेसाहेब पाण्यातून पूर्ण बाहेर आले. असे ते वर्षातून एकदाच येत.

"अकरा वर्षं?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "श्रीपतराव, तुमची परीक्षा संपली. तुम्ही कायम!"

"पण साहेब, तुम्ही माझं काम कुठे बघितलंत?"

"काम काय, सगळेच करतात. टिकतं कोण, ते बघायचं असतं. इतके जण येतात, शिकतात आणि जातात. तुम्ही आता जाणार नाही."

"आणि... उशीर झाला तर?"

"होऊ दे की!" साहेब प्रेमाने म्हणाले. "रविवारीही येत चला. पगारवाढ मात्र मागू नका. मागितली तरी जाणार कुठे?"

आणि हसत हसत ते पाण्यात गेले.

श्रीपती घरी आला तेव्हा चंद्रा दारातच उभी होती. बोट नाही म्हटल्यावर तिला रडू फुटलं, मग हसू. तिने गावाला स्वतःचा तो सुरेख फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'स्वतःची गाडी.' गावात बिळोबिळी पेढे वाटले.

"अहो," जेवताना ती म्हणाली, "आता तुम्ही कायम झालात. पुढच्या श्रावणात गावी जाऊन येऊ? आई वाट बघतात."

"जाऊ की," श्रीपती म्हणाला. मग भात कालवता कालवता म्हणाला, "पण गाडी?"

चंद्राने बाहेर बघितलं. गाडी अंगणात उभी होती. वारा सुटला की तिच्या भोकांतून शीळ वाजायची.

"पुढच्याच्या पुढच्या श्रावणात जाऊ," ती म्हणाली.

मग दोघं हात धुऊन गाडीत जाऊन बसले. कुठे जायचं नव्हतं. पण पाठ टेकायला त्या देशात दुसरी जागा नव्हती.

तात्पर्य: दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी, असं तुमच्या बाई सांगतात. बाईंचं ऐकू नका. जपून वापरली तर ती परत द्यावी लागते. मोडली की आपली होते, आणि मग आपण तिचे.