कोळीवाड्याचा दृष्टगुणक

ज्या गावाचे आकडे नाहीत, ते गाव अस्तित्वात असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. तिथे माणसं दिसतात, कोंबडे आरवतात, चुलींचा धूर निघतो; पण नुसत्या दिसण्यावर विद्यापीठ विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

नागावचा दयाराम याच मताचा होता. सन १९३३ मध्ये तो मुंबईत प्रबंध लिहीत होता. विषय : ‘उत्तर कोकणातील कोळी कुटुंबाची सरासरी’. (सरासरी कशाची, हे आकडे मिळाल्यावर ठरायचं होतं.) प्रबंध पसंत पडला की एम.ए., आणि एम.ए. झाला की पालीच्या धर्माजींची कोकिळा, असा साधा हिशेब होता. धर्माजी भातशेतीतले बडे आसामी. ‘मुलगा शिकून पुरा झाला की या,’ एवढाच निरोप त्यांनी धाडला होता. दयारामने कोकिळेला एकदाच पाहिलं होतं, बल्लाळेश्वराला प्रदक्षिणा घालताना. त्या दिवशी त्याने किती प्रदक्षिणा घातल्या, याची नोंद उपलब्ध नाही. पोरगा पुरता गेला होता कामातून.

आकड्यांसाठी तो आधी कचेरीत गेला. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, काशीदकडच्या कोळीवाड्यात दर घरी मुलं साडेचार. हा आकडा आला कुठून, असं दयारामने विचारताच कारकून दुखावला.

“गेल्या साली सव्वाचार होता,” तो म्हणाला. “प्रगती दाखवायला नको का?”

दयारामने ठरवलं, आपण स्वतः जाऊन मोजायचं. (विद्वानांचे निम्मे अनर्थ याच वाक्यापासून सुरू होतात.)

कोळीवाड्यात सोनाबाईच्या ओटीवर त्याने मुक्काम ठोकला. म्हातारी मायाळू होती.

“मावशी, काल मासळी किती गावली?”

सोनाबाई तव्यावरचा सरंगा उलटत म्हणाली, “काय पन नाय रं बाला. जाल्यान नुसता पानी.”

दयारामने ‘शून्य’ लिहिलं, सरंगा खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला. मग वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकत वाकत तो घरोघरी फिरला आणि घरोघरी शून्य घेऊन आला. तक्ता तयार झाला तेव्हा असं दिसून आलं की, मासळी गावत नाही, जाळी धड नाहीत, कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं आहे आणि पोरं आहेत ती सगळी किरकिरी. शास्त्राप्रमाणे हे गाव कधीच खलास झालेलं होतं. ते आपल्याला रोज आग्रहाने जेवायला बोलावतं, ही बाब त्याला तळटीपेत ढकलावी लागली.

शेवटी सोनाबाईलाच त्याची दया आली.

“अरं, आकडा बोलला का दृष्ट लागतं. दर्या आयकतं सगला. गावला म्हनलंस, का तो म्हनतं, गावला ना? मंग आता बास.”

“आणि पोरं?”

“येक कमी सांगायचा. गोजिरा आसंल, त्योच लपवायचा.”

दयारामला ब्रह्मानंद झाला. माणसं लहर लागेल तसं खोटं बोलली तर शास्त्राची पंचाईत. पण सगळं गाव नेमाने खोटं बोलत असेल, तर त्याइतकं विश्वसनीय दुसरं काही नाही. त्याने तिथल्या तिथे ‘दृष्टगुणक’ शोधून काढला : सांगितलेल्या मुलांत दर घरी एक मिळवावे. शेजारचा कान्हा दोन म्हणाला, लिहा तीन.

ही बातमी कोळीवाड्यात फुटली आणि एकच हाहाकार उडाला. लपवलेली गोजिरी पोरं हा बाबा उघडी पाडतोय! दुसऱ्या फेरीला प्रत्येकाने दोन कमी सांगितली. दयारामने गुणक दोनवर नेला. त्यांनी तीन कमी केली. तिसऱ्या फेरीत मनुबाई, एक पोर काखेत आणि दोन पदराला असताना, ठामपणे म्हणाली, “माजा लगीनच नाय झाला.” शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने मान डोलावली.

आता सगळ्या घरांचं उत्तर शून्य होतं. त्यात मिळवायचं किती? दयारामने डोळे मिटले. डोळ्यांसमोर कोकिळा आली. त्याने गुणक साडेचार धरला.

परीक्षक भारावून गेले. कचेरी आणि संशोधक, अशी दोन स्वतंत्र साधनं दशांशापर्यंत जुळतात, हे त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं. दयाराम पहिल्या वर्गात एम.ए. झाला.

पण ते साडेचार त्याला आतून कुरतडत होते. पुन्हा आकडा फिरवणार नाही, अशी त्याने बल्लाळेश्वरासमोर शपथ घेतली आणि तसाच धर्माजींच्या ओटीवर जाऊन बसला. सोबत भिकूमामा होता. “बावीस सांग,” तो कानाशी लागला.

“मुलाचं वय काय?” धर्माजींनी विचारलं.

“सव्वीस,” दयाराम म्हणाला.

धर्माजी बोटांवर मोजू लागले. “मुलाकडले चार कमी करून सांगतात. हा शिकलेला, म्हंजे पाच. येकतीस झाली.”

“नाही हो, सव्वीस. अगदी खरं!”

“खरं म्हनतोय?” आतून कोकिळेची आई कृष्णाबाई म्हणाली. “मंग पस्तीस धरा.”

“मी पत्रिका दाखवतो.”

“पत्रिकेचं नका सांगू. आमच्या कोकिळेची पन गुरुजींनी...” धर्माजी बोलून गेले. आत कृष्णाबाईला जोराचा खोकला आला.

स्थळ मोडलं. दयाराम ओक्साबोक्शी रडला. आयुष्यात एकदाच खरा आकडा सांगितला होता बिचाऱ्याने. पुढच्या वैशाखात कोकिळेचं लग्न दुसरीकडे झालं. मुलाचं वय बावीस सांगितलं होतं, ते सर्वांना सव्वीस म्हणून पसंत पडलं.

त्या वेळी कोकिळा सतरा वर्षांची होती. सतराच. आम्ही स्वतः खात्री करून घेतली आहे. तरीही ज्या वाचकांनी मनातल्या मनात तिला वीस करून टाकलं, त्यांच्या घरी कुणी लग्नाचं असल्यास अवश्य कळवावं. वय तुम्ही सांगा. खरं काय ते आम्ही काढून घेऊ.