जनूभाऊंचं पार्श्वसंगीत

पडद्यावर नायिकेचा साखरपुडा चाललेला. पाहुणे पेढे खातायत, नायिका लाजतेय, तिचा बाप मिशीला पीळ देतोय. आमच्या सोसायटीची सगळी मंडळी अंगणात सतरंजीवर बसून ते सुख डोळे भरून बघतायत. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज फुटतो, "चेहऱ्यावर जाऊ नका! खाली सनई रडतेय! हे लग्न काही होत नाही!"

आणि मेलं खरंच ते लग्न मोडतं.

हे आमचे जनूभाऊ चुरी. मूळचे सांडोरचे, केळीच्या वाडीतले. वाडी भावाभावांत वाटली गेली तेव्हा त्यांनी वसईत आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घेतला. नोकरी सातिवलीला, पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात. अंगानं काटकुळे, पण आवाज असा, की पाचूबंदरला उभे राहून हाक मारली तर समुद्रातली होडी माघारी यावी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा आमच्याकडे गणपतीत आरती झाली की दोन खांबांना पांढरी चादर बांधायची आणि भाड्याच्या प्रोजेक्टरवर सिनेमा लावायचा. मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कुणी उभंच राहीना म्हणून बिनविरोध. मला गुळमुळीत बोलता येत नाही, त्यामुळे जिन्यात सायकली लावणारे मला टरकून असत. जनूभाऊ मात्र कुणाला टरकतील तर शपथ!

सिनेमातलं संगीत हा त्यांचा खास प्रांत. वाद्यांची नावं तोंडपाठ, आणि एकच वेड: चित्र आणि संगीत जुळत नसलं की ते जगाला ओरडून सांगायचं. नायक आईला म्हणतोय, संध्याकाळी लवकर येतो हं, की ह्यांनी आरोळी ठोकलीच, "कसला येतोय! व्हायोलिन लागलंय!" व्हिलन गोड बोलायला लागला की, "वरून कीर्तन, आतून तमाशा! ढोल ऐका ढोल!" माझा नवरा म्हणायचा, "ह्यांना आधी गोष्ट कळते, मग दिग्दर्शकाला."

नवऱ्यानंच एक गंमत हेरली होती. जिथे चित्र आणि संगीत जुळतं, तिथे जनूभाऊ अवाक्षर काढत नाहीत. मारामारी चाललीय, ढोलताशे वाजतायत, सगळं अंगण ओरडतंय, आणि हे मुकाट शेंगा सोलून बायकोच्या हातावर ठेवतायत. "जुळलं की माणसाची बोलती बंद," नवरा म्हणाला. मी म्हटलं, असतात एकेकाच्या तऱ्हा.

आणि हे वेड सिनेमापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पाचूबंदरची कोळीण टोपली घेऊन दारात यायची. "ताजा बोंबील हाय बाय, आताच होडीतून उतरवला!" लगेच खिडकीतून जनूभाऊ, "चेहऱ्यावर जाऊ नका! तोंड हसतंय, सूर कालचा आहे!" ती काय ऐकून घेणार? "ओ भाऊ, घ्यायचा तर घ्या, नायतर गप रावा! सूर काय तलून खानार हाय?" आम्ही बायका गॅलरीत उभ्या राहून हसून हसून बेजार.

शिवाय घरातून दिवसभर बातम्या चालूच. "कुकर बोलला!" "पाववाल्याचा भोंगा!" "चर्चची घंटा झाली!" अहो, तुमचा कुकर तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू आला, तुम्ही वेगळं कशाला सांगताय? ह्या माणसाच्या तोंडाला खाज आहे, असं माझं स्पष्ट मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायची.

त्यांची बायको सुलूवहिनी अगदी उलट. नीटनेटकी, हसतमुख, पण अबोल. पूर्वी वाडीतल्या लग्नघरांत हळदीची गाणी म्हणायला हिलाच बोलावणं यायचं म्हणे. आमच्याकडे मात्र कितीदा आग्रह केला तरी नुसती मान हलवायची. जिन्यात मागून हाक मारली तर वळायची नाही. हळदीकुंकवाला चार बायका बोलत बसल्या की ही आपली कोपऱ्यात हसत बसलेली. मला ती भारी शिष्ट वाटायची. म्हटलं, एवढी काय मिजास!

त्या वर्षी गणपतीत प्रकरण हाताबाहेर गेलं. दुसऱ्या मजल्यावरचे डाबरे सर, शाळामास्तर, सिनेमाला येताना दोन रुमाल घेऊन येणारा माणूस, ते कमिटीत उभेच राहिले. "बाई, पोर पुरात वाहून गेलं, आई छाती पिटतेय, मी रुमाल काढला. आणि हा गृहस्थ ओरडतो, रडू नका, खाली बासरी खेळतेय, पोर जिवंत आहे! माझं रडणं फुकट गेलं की हो!"

सगळे हसले, पण ठराव झाला. जनूभाऊंनी एकतर गप्प बसावं, नाहीतर सिनेमाला येऊ नये. हे सांगणार कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडे. घोडं मेलं ओझ्यानं, अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तणतणत त्यांच्या दारात गेले. दार नुसतं लोटलेलं. टीव्हीवर कसलासा जुना सिनेमा चाललेला आणि सुलूवहिनी माझ्याकडे पाठ करून टीव्हीला चिकटून बसलेल्या. मी हाक मारली. दुसरी मारली. माझी तिसरी हाक म्हणजे भिंतीचा पोपडा पडतो. बाई ढिम्म! मी रागानं पुढे झाले आणि पाहिलं, तर त्यांचा एक हात टीव्हीच्या खोक्यावर सपाट ठेवलेला होता. पोराला ताप आहे का बघताना ठेवतो ना, तसा. डोळे पडद्यावर, आणि तळहात खोक्याची थरथर चाचपतोय.

मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. जनूभाऊ. बाजाराची पिशवी हातात तशीच. त्यांनी मला जिन्यात नेलं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"हळूहळू गेले कान. अगदी जवळून ओरडलं तर थोडं पोचतं." ते पहिल्यांदाच हळू बोलत होते. "मी सातिवलीला पत्रा ठोकण्यात जन्म काढला, आणि कान गेले हिचे. देवाचा कारभार बघा!"

"मग सांगायचं नाही का आम्हाला?"

"तिला नकोय. बिचारी बिचारी म्हणतील, म्हणते. शिष्ट म्हणाले तर चालेल." मी जमिनीकडे बघितलं. ते पुढे म्हणाले, "बाई, मारामारी दिसली आणि ढोल वाजला तर मी कशाला बोलू? ते तिला दिसतंच. पण चित्र हसतं आणि संगीत रडतं ना, तिथे ती फसते. एकदा असंच झालं. पडद्यावर सगळी नाचत होती, खाली रडकं वाजत होतं. सगळं अंगण गप्प, आणि ही एकटीच खळखळून हसली. लोकांनी वळून बघितलं. घरी येऊन मला विचारते, 'माझं काय चुकलं हो?'"

त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"तिच्या एकटीच्या कानात ओरडलो तर जगाला कळेल. म्हणून सगळ्या जगालाच ओरडून सांगतो. मग तिलाही कळतं. मला काय, चक्रम म्हणा!"

मला ठराव सांगायचा होता. तो मी कसाबसा सांगितला. नाही सांगितला असता तर डाबरे सरांनी भर अंगणात सांगितला असता. "बरं," जनूभाऊ म्हणाले. "गप्प बसतो. पण तिला यायचंय हो. वर्षभर वाट बघते ती ह्या दिवसांची. आणि तुम्हाला कळलंय हे तिला सांगू नका."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा धरली. सिनेमा सुरू झाला. जनूभाऊ ओठ घट्ट मिटून, मांडीवर हात दाबून बसलेले. डाबरे सर खुशीत. दोन्ही रुमाल तयार.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. थोरल्या बहिणीनं आपलं ठरलेलं स्थळ धाकटीसाठी सोडून दिलंय, आणि आता धाकटीच्याच लग्नात ती फुगड्या घालतेय, सगळ्यांना हसवतेय, करवल्यांच्या खोड्या काढतेय. आणि त्या सगळ्या गोंधळाच्या खालून एक बारीक, कापरा सूर. अंगण चिडीचूप झालं. सुलूवहिनींनी जनूभाऊंकडे पाहिलं. जनूभाऊंनी मान खाली घातली. वहिनी पुन्हा पडद्याकडे वळल्या. ती बहीण फुगडीत धपकन पडली, आणि वहिनींचा चेहरा फुलायला लागला. आता हसणार. आता ही बाई सगळ्यांत एकटी हसणार!

मला काय झालं कोण जाणे. मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "चेहऱ्यावर जाऊ नका! खाली सारंगी रडतेय! मनातून मोडलीय ती पोर!"

प्रोजेक्टरवाल्यानं दचकून पट्टी थांबवली. डाबरे सर रुमाल नाकाला तसाच धरून म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?"

"हो, मीसुद्धा!" मी म्हटलं. "ठराव रद्द! मी सेक्रेटरी आहे!" असा ठराव रद्द होत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण वाद घालायला कुणी उठलं नाही. मी खाली बसले. सुलूवहिनींचं हसू ओठांवरच थांबलं होतं. पट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, सगळ्यांच्या बरोबरीनं. जनूभाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. शेंगा सोलत होते, आणि सोललेल्या शेंगा चुकून टरफलांत टाकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सुलूवहिनी. हातात वाडीच्या केळ्यांची फणी. मी काही बोलणार, तर त्यांनीच हात वर केला.

"सारंगी नसणार ती," त्या म्हणाल्या. आवाज काय गोड, अजून! "लग्नाच्या गर्दीत सारंगी कोण लावतं? व्हायोलिन असेल."

मी जीभ चावली. वाद्यांतलं मला ओ की ठो कळत नाही.

"ह्यांना सांगू नका हं, मी आले ते," केळी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "गुपित सांभाळायची भारी हौस आहे त्यांना." मग जिना उतरता उतरता थांबल्या, मागे वळल्या.

"आणि आज माझ्या उजवीकडे बसा. डावा कान अगदीच गेलाय."