अंदाज बरोबर आल्याची शिक्षा

"या वेळी पहिला नंबर माझाच! लिहून ठेव!"

राजानंद सर असं म्हणाले आणि स्वतःच दचकले. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यातली ही त्यांची पहिली बढाई. तीही स्वयंपाकघरात, ऐकायला एकटी बायको, वर कुकरची शिट्टी चाललेली. पण बढाई ती बढाईच!

सत्यशीलाबाईंनी गॅस बारीक केला. "काय म्हणालात? परत म्हणा बरं."

"काही न्हाई," सर म्हणाले.

आता हे सर कोण, ते आधी सांगायला हवं. भोकरदनच्या एका शाळेत ते एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकांच्या कपाटामागं उभं राहिलं की माणूस दिसत नाही, एवढ्याच कारणासाठी त्यांनी ती नोकरी धरली असावी. निरोप समारंभात त्यांना बोलायला उभं केलं, तेव्हा ते "आदरणीय" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, सरांना गहिवरून आलं. गहिवर कसला! पुढचा शब्द सापडत नव्हता. तो त्यांना घरी भाकरी खाताना सापडला. "अध्यक्ष."

अशा माणसानं बढाई मारली ती 'नभोदुर्ग'च्या जोरावर. 'नभोदुर्ग' म्हणजे अंतराळातली सात भागांची सिनेमामालिका. विझलेल्या ताऱ्याभोवती फिरणारा एक किल्ला, त्याची किल्लेदारीण तेजोमयी, तिच्यामागं हात धुऊन लागलेला काळकेतू आणि किल्ल्यातली जमीन झाडणारा खटक्या नावाचा यंत्रमानव. सहा भाग सरांनी नात पायलबरोबर पाहिले होते. पायलनं बटाट्याचे चिप्स खात पाहिले, सरांनी टिपणं काढत. चाळीस पानांची वही भरली होती. कुणी कुणाकडं कितव्या मिनिटाला संशयानं पाहिलं, तेसुद्धा त्यात होतं.

सातवा, शेवटचा भाग यायचा होता, आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयानं स्पर्धा लावली होती. शेवट काय होणार, ते आधी लिहून द्यायचं! पाच प्रश्न, पाच गुण.

स्पर्धेचे कर्तेधर्ते वाचनालयाचे अध्यक्ष रामराव. रामराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अकरा निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना सगळं जगच मतदान केंद्र दिसायचं. घरी पाहुणे जेवायला बसले तरी ते ओळखपत्र मागतील की काय, अशी धास्ती वाटे. अंदाज स्पर्धेसाठीही त्यांनी पत्र्याची पेटी आणली, तिला लाखेचं सील ठोकलं, स्पर्धकांची यादी भिंतीला चिकटवली आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. अंदाज गुप्त राहिला पाहिजे ना!

"एकदा शाई लागली की लागली," रामराव सरांचं बोट धरून म्हणाले. "परत येणं न्हाई, बदलणं न्हाई. चला, जल्दी करा सर, मागं लाईन हाय."

मागं लाईन म्हणजे एकटे बद्रीनाथ होते. तेही पेपर वाचायला आलेले.

सर आडोशात गेले. खिशातली चिठ्ठी काढली. तीत चाळीस पानांचा अर्क होता. पहिलं उत्तर लिहायला पेन टेकवलं आणि सहज नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथं बारीक अक्षरात छापलं होतं: "विजेत्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल व विजेत्याचे भाषण होईल. (किमान पंधरा मिनिटे.)"

सरांच्या हातातलं पेन गळून पडलं.

पंधरा मिनिटं! एकतीस वर्षांच्या नोकरीत मिळूनसुद्धा ते पंधरा मिनिटं बोलले नव्हते. कागद कोरा टाकावा, तर बोटाला शाई लागलेली. पळून जावं, तर दारात रामराव. जिंकलं तर भाषण अटळ, आणि चाळीस पानांची वही सांगत होती की आपणच जिंकणार!

मग सरांच्या डोक्यात उजेड पडला. हरायचं! मुद्दाम, ठरवून, एकही गुण मिळणार नाही असं हरायचं! त्यांनी चिठ्ठी खिशात कोंबली आणि जगात कुणी लिहिणार नाही अशी उत्तरं लिहायला बसले.

किल्ल्याच्या गादीवर कोण बसेल? झाडणारा खटक्या. काळकेतूचं काय होईल? माफी मागेल आणि वांगी लावेल. कोण मरेल? कुणीच नाही. सातव्या दरवाजामागं काय आहे? आठवा दरवाजा. शेवटचं दृश्य कोणतं? सगळे पंगतीत बसून जेवतील.

कागद पेटीत पडला. सर इतके हलके झाले की वाटेत त्यांनी स्वतःहून दोन माणसांना नमस्कार घातला.

"बराबर लिहिलं ना, आबा?" पायलनं विचारलं.

"बिलकुल," सर म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

शुक्रवारी वाचनालयाची अठरा माणसं दोन जीप करून जालन्याला सिनेमा पाहायला गेली. सर मागच्या रांगेत मजेत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते टिपणवही न घेता आले होते. पहिला तास बरा गेला. मग तेजोमयी गादीपाशी आली, थबकली आणि म्हणाली, "या किल्ल्याचा प्रत्येक कोपरा ज्याला ठाऊक आहे, तोच या गादीचा धनी!"

कोपऱ्यातून झाडू घेऊन खटक्या पुढं आला.

सरांच्या घशात शेंगदाणा अडकला.

"योगायोग," ते पुटपुटले. पण पुढं काळकेतूनं तलवार टाकली. गुडघे टेकले. ढसाढसा रडला. सर खुर्चीचे हात घट्ट धरून मनात म्हणत होते, "मार! मार त्याला! अगं बाई, कापून टाक!" तेजोमयीनं त्याला उठवलं आणि एका ओसाड ग्रहावर पाठवून दिलं. पुढच्या दृश्यात काळकेतू वाकून वाफे करत होता. त्यातल्या रोपांना जांभळी फळं लागली होती.

"वांगी!" सर मोठ्यांदा ओरडले.

पुढच्या रांगेतली तृप्ती मॅडम चिडून मागं वळली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि 'नभोदुर्ग'ची इतकी भक्त, की तिच्या स्कूटीवर तेजोमयी लिहिलेलं होतं. "सर, इथं आमचं वाटोळं होऊन राह्यलंय आणि तुम्हाला भाजी सुचून राह्यली!"

कुणीही मेलं नाही. सातवा दरवाजा उघडला, आत आठवा निघाला. आणि सगळे पंगतीत बसून जेवू लागले तेव्हा प्रेक्षकांनी पडद्याला नाही नाही ते ऐकवलं.

रविवारी सकाळी मतमोजणी झाली. हो, रामराव मतमोजणीच म्हणत. त्यांनी सील सगळ्यांना दाखवून फोडलं आणि फेरीनिहाय आकडे फळ्यावर मांडले. तृप्ती मॅडमनं तेजोमयीची जुळी बहीण शोधून काढली होती. शून्य! बद्रीनाथ यांच्या मते काळकेतू तेजोमयीचा सख्खा मामा निघणार होता. शून्य! पायलनं आजोबांची वही चोरून वाचून अगदी तेच लिहिलं होतं, जे सर खरं तर लिहिणार होते. तिलाही शून्य!

ते पाहून सरांना घेरी यायची बाकी राहिली. म्हणजे इमानदारीनं लिहिलं असतं, तर आपण सुखानं हरलो असतो!

"राजानंद सर," रामरावांचा आवाज कापला. "पाचपैकी पाच!"

तृप्ती मॅडम ताडकन उभी राहिली. "वांगी? वांगी कुणाला सुचतात का? पेपर फुटलाय! शंभर टक्के फुटलाय!"

सरांना ती देवदूतच वाटली. "हो हो, फुटला असंल!" ते उत्साहानं म्हणाले. "मला बाद करा. माझं काहीच म्हणणं न्हाई!"

"फुटला?" रामराव लालबुंद झाले. "माझ्या केंद्रावर? अकरा निवडणुका काढल्या मी, एका पेटीची लाख कधी हालली न्हाई! सर बाद झाले म्हणजे मी बाद झालो!"

"आणि हे पेपर फोडणार?" सत्यशीलाबाई दारातून गरजल्या. "एकतीस वर्षं लायब्ररीत होते. घरी आणलेलं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तर स्वतःच स्वतःला दंड लावायचे! यांना कोण चोर म्हणतंय? समोर या!"

कोण येतंय समोर! तृप्ती मॅडमनं माफी मागितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांची सुटकेची शेवटची वाट त्यांच्या लाडक्या बायकोनं बंद केली.

दुसऱ्याच दिवशी चौकात बॅनर लागला. "शेवट ओळखणारे राजानंद सर यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली सरांचा ओळखपत्रावरचा फोटो दारापेक्षा मोठा करून टाकलेला. त्यात त्यांचा एक डोळा मिटलेला होता, त्यामुळं ते भविष्यात डोकावताहेत असंच वाटे. दुपारपर्यंत दारात माणसं आली. केदारखेड्याच्या चतुराबाई कोंबडी हरवली म्हणून आल्या. कुणाला पोराचं लग्न कधी जमेल ते विचारायचं होतं.

सत्यशीलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या घरात भविष्य विचारायला आलात? हे काही ज्योतिषी न्हाईत! हे फक्त हुशार हायेत!" आणि मग आत वळून म्हणाल्या, "तुम्ही भाषणात हे सांगूनच टाका बरं का, की हे भविष्य न्हाई, अभ्यास हाय म्हणून."

अभ्यास! सगळं गाव, बायको आणि नात आपल्याला हुशार समजतंय, आणि खरं काय, तर हरायला निघालेला एक भित्रा म्हातारा, जो हरायलाही नापास झाला.

सत्काराला चार दिवस होते. चार दिवसांत सरांनी सात भाषणं लिहिली आणि सात फाडली. पायलनं त्यांना आरशासमोर उभं केलं. आरशातल्या माणसालाही ते लाजले. शेवटी तीच म्हणाली, "आबा, लोकांकडं बघूच नका. डोळे मिटा आणि मनातलं बोलून टाका. संपलं की उघडा."

शुक्रवारी संध्याकाळी पाचला वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं. रामरावांनी सरांचं नाव घेतलं. सर माईकपाशी गेले. छातीचे ठोके इतके मोठ्यांदा पडत होते की दुसरं काही ऐकूच येईना. अचानक अंगाला दरदरून घाम फुटला, जणू सभागृहातला वाराच कुणी काढून घेतला. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सुरुवात केली.

आणि काय सांगावं! शब्द आले! आधी थेंब थेंब, मग नळ सुटल्यासारखे. लिहिलेलं काहीच आठवेना, म्हणून सरांनी सरळ खरं सांगायला घेतलं. मी भाषणाला घाबरलो. हरावं म्हणून वेडंवाकडं लिहिलं. मी हुशार नाही, माझ्या वहीतले चाळीस पानांचे अंदाज सगळे चुकले. खटक्याचा झाडू त्यांनी सांगितला, तेव्हा सभागृहात हशा पिकला. हशा! सरांच्या अंगावर रोमांच आले. वांग्यांपाशी तर लोक असे खदाखदा हसले की सरांना क्षणभर थांबावं लागलं. मग ते रंगात आले. पुस्तकामागं लपून काढलेली एकतीस वर्षं सांगितली. बायकोवरचं प्रेम सांगितलं, जे तिच्यापाशी कधी बोलले नव्हते. आणि शेवटी म्हणाले, "आज कळलं, माणसं काही चावत न्हाईत. धन्यवाद!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तर शिट्टी मारली!

सरांनी डोळे उघडले. डोक्यावरचा पंखा गरगरत होता, गार वारा लागत होता, सगळे चेहरे हसरे होते. छातीवरचा डोंगर उतरला होता. ते डुलत जाऊन खुर्चीत बसले आणि पुढच्या रांगेतल्या बायकोकडं अभिमानानं पाहिलं. ती पदरानं घाम पुसत होती.

"ऐकलंस?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

"काय?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आवाज न्हाई, नुसते तुमचे ओठ हालून राह्यले ते दिसलं. मला वाटलं, पाठ करून राह्यलेत."

तेवढ्यात रामराव माईकपाशी आले. "मंडळी, माफी असावी! सरांचं नाव घेतलं आणि नेमकी लाईट गेली. सतरा मिनिटं आपल्याला गर्मीत बसावं लागलं. माईकवाले भुजंग बॅटरी जोडताना दोनदा स्टुलावरून पडले, तेवढीच आपली करमणूक झाली! आता लाईट आली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, ठीक हाय. पण खरं कौतुक सरांचं. एवढा वेळ डोळे मिटून, एक शब्द न बोलता, शांत उभे राह्यले! आता मी त्यांना विनंती करतो, त्यांनी भाषणाला सुरुवात करावी."

सर खुर्चीला चिकटले. बाजूला गुडघा चोळत उभ्या असलेल्या भुजंगनं त्यांना अंगठा वर करून दाखवला.

"आता बिनधास्त बोला, सर! बाहेर चार कर्णे लावलेत. पार बाजार समितीपर्यंत आवाज जातो!"