मुकादम सरांचा उलटा कॅमेरा

आमच्या शाळेतले मुकादम सर ऑनलाइन तास घेताना मोबाईलचा कॅमेरा फळ्याकडे नाही, पोरांकडे करून ठेवतात. गणित फळ्यावर आणि कॅमेरा बाकांवर. आता मला सांगा, याला काय म्हणायचं?

मी या शाळेची विज्ञानशिक्षिका, आणि वर तंत्रज्ञानप्रमुख. हे दुसरं पद मी मागितलेलं नाही. संगणक चालू करता येतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. श्रीवर्धनच्या अलीकडे, सुपारीच्या बागांना लागून आमची शाळा. रेंज येते ती तिच्या मर्जीनं. तरी मी प्रोजेक्टर आणवला, सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन चाचण्या बनवायला शिकवल्या. मुकादम सर तर सगळ्यांच्या आधी शिकले, आणि मग स्वतःला हवं तेच करत राहिले.

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तास सुरू झाले आणि लॉकडाऊनबरोबर संपले. यांचा एक उरला. दर शुक्रवारी, नववीचा. अहो, नववीची झाडून सगळी पोरं समोर बसलेली असताना हा तास कोणासाठी? एकदा मी तडकून विचारलंच. त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि म्हणाले, "बाई, समोरच्याला दिसलं पायजे."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पोराचं अक्षर बारीक आलं तरी हेच, स्टाफरूमची ट्यूब गेली तरी हेच, आणि बायकोनं डब्यात सुरमईचा तुकडा पातळ दिला तरी हेच.

"अहो, पण समोरच्याला फळाच दिसत नाही!" मी ओरडले.

"बराबर हाय," म्हणाले आणि निघून गेले.

शाळेनं घेतलेला चांगला ट्रायपॉड कपाटात धूळ खात पडलाय, आणि यांचा मोबाईल वाळू भरलेल्या करवंटीत रुतवून टेबलावर उभा. स्क्रीन स्वतःकडे, कॅमेरा पोरांकडे. तास सुरू करताना "आवाज येतोय काय?" अशी आरोळी ठोकतात की शेजारच्या वर्गात माझ्या हातून परीक्षानळी पडायची बाकी राहते. मग स्क्रीनकडे बघून स्वतःशीच मान डोलावतात. पोरांना विचारावं तर ती दात काढतात.

बरं, शिकवतात तरी काय? सोमवार ते गुरुवार हा माणूस वर्गात नुसता वाघ. प्रमेयाची एक पायरी चुकली की फळ्यापाशी उभं करून घाम काढतो. शुक्रवारी मात्र एकेकाला उठवून विचारतो, "नाव सांग. आता सांग, बारा सक किती?" नववीत! पोरगं छाती काढून "बहात्तर!" म्हणतं आणि सर "शाब्बास! वा रे वा!" करत सुटतात. माझा संताप व्हायचा. मोठ्या सरांकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "बाई, ऑनलाइन आहे ना? मग झालं."

झालं काय, कपाळ?

मागच्या महिन्यात तालुक्याहून साहेब आले. शाळेला मोठा डिजिटल फळा मिळणार की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्या फळ्यासाठी मी किती कार्यालयांचे उंबरे झिजवलेत ते माझं मला माहीत. आणि साहेब आले ते नेमके शुक्रवारी, नेमके नववीत.

"बाई, तंत्रज्ञानप्रमुख तुम्हीच ना?" साहेबांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं. "कॅमेरा उलटा लागलाय, एवढंही बघत नाही? फळ्याकडे फिरवा. नाहीतर बंद करा हा प्रकार."

माझे कान तापले. पोरांदेखत माझी शोभा, आणि तीही यांच्यापायी! मी तरातरा टेबलामागे गेले आणि करवंटीला हात घातला.

"बाई, ऱ्हाऊ द्या." एरवी आरोळ्या ठोकणारा हा माणूस पहिल्यांदाच हळू बोलला. "आज सुहानाचा नंबर हाय."

मी स्क्रीनकडे बघितलं. चौकोनाचौकोनांतून माणसं बसली होती. कोणी ट्रकच्या सीटवर, कोणी खाटांवर खाटा रचलेल्या खोलीत. केस ओले करून विंचरलेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. एका चौकोनात आमच्या शेजारच्या भारतीचा नवरा दिनेश होता, दोन वर्षं झाली त्याला कतारला जाऊन. सगळ्यांचे माईक बंद. आखातातली शुक्रवारची सुट्टी, आणि हे आंघोळ करून शाळेत आले होते.

"नाव सांग," मुकादम सर म्हणाले. सुहाना उभी राहिली. "बारा सक?"

"बहात्तर, सर!"

खाटांच्या खोलीतला माणूस टाळ्या वाजवायला लागला. आवाज नाही, नुसते हात. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"काय बाई, फिरवताय ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "ही विद्यार्थीकेंद्रित पद्धत आहे. यात कॅमेरा विद्यार्थ्यांवरच ठेवायचा असतो." साहेबांना हे भलतंच आवडलं. त्यांनी दोनदा विचारून ते शेऱ्यात लिहून घेतलं.

तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये मुकादम सरांना धरलं. "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी मेली इतके दिवस घसा फोडतेय!"

"सांगत तर होतो, समोरच्याला दिसलं पायजे." त्यांनी डबा उघडला, पण जेवेनात. "बाई, माझे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. येताना माझ्यासाठी शर्ट. दरवेळी आखूड. काय करतील? त्यांच्या डोळ्यांसमोर मी गेल्या वेळचाच असायचो. मी कसाबसा अंगात कोंबायचो आणि म्हणायचो, बराबर हाय, अब्बा. शिवण उसवायची ती गुपचूप अम्मीनं शिवायची. त्यांना कधी कळू दिलं न्हाय."

मला रागच आला, पण आता तो नक्की कोणावर काढायचा ते सुचेना.

पुढच्या शुक्रवारी मी कपाटातला ट्रायपॉड पुसून नववीत नेऊन उभा केला. मुकादम सरांनी करवंटीतला मोबाईल काढून त्यावर चढवला, स्क्रीनमध्ये डोकावले आणि लगेच माझ्यावर खेकसले.

"बाई, अजून वर घ्या! रियाज उंच झालाय. डोकं कापलं जातंय त्याचं. बापाला दिसू दे की."