प्रिंटर जोडला आणि टेबल गेलं

जुना प्रिंटर भंगारात द्यायचा नाही, घरच्या वायफायला जोडायचा, असं मी रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. चहा पिता पिता ठरवलेल्या गोष्टी मला कायम महागात पडतात, पण हे मला सांगणार कोण? (सांगणारी समोरच बसली होती. मी ऐकलं नाही.)

"अहो, इतकी वर्षं वायरीला बांधलेलं ते धूड आता बिनवायरीचं चालणार आहे का?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा ते काढा आणि टेबल मला द्या. शिलाई मशीन किती दिवस जमिनीवर ठेवू?"

आता या घरात माझं म्हणावं असं ते एकच टेबल उरलंय. बाल्कनीत माझी एक खुर्ची होती, तिच्यात हल्ली कुंडी बसते. तेव्हा मी ताठ बसून जाहीर केलं, "संध्याकाळपर्यंत प्रिंटर चालला तर टेबल माझं. नाही चालला तर तुझं!"

"धाकट्याला बोलावू का मदतीला?"

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बोलतो फार गोड, पण त्या गोडव्यातून मी किती अडाणी आहे ते सगळ्यांना बरोब्बर कळतं.

"काही गरज नाही," मी म्हणालो.

आमचा राउटर लोखंडी कपाटात असतो. हसू नका. बाहेर ठेवला की धूळ बसते, आणि त्याच्या लुकलुक दिव्यांनी मला झोप लागत नाही. म्हणून मीच कपाटाला मागून भोक पाडून घेतलं आणि वायर आत नेली. (भोक पाडणारा कारागीर बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, कौतुकाने.) तेव्हापासून नेट फक्त पलंगाच्या एका टोकाला धड येतं, आणि त्यावरून मी नेटवाल्या कंपनीशी फोनवर भांडत असतो.

तर मी कपाट उघडलं. राउटरच्या पोटाखालचा पासवर्ड चष्मा लावून वाचला. प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर बाण दाबून दाबून एकेक अक्षर भरलं, आणि काय सांगू, निळा दिवा लागला! कॉम्प्युटरनेही त्याला ओळखलं. मी उठलो, नीटनेटका माणूस असल्यामुळे आधी कपाट बंद करून किल्ली फिरवली, आणि मग छापायला बसलो.

प्रिंटर ढिम्म.

बंद करून चालू केला, कागद बदलले, गोंजारलं, एक चापटही मारली. दर वेळी एक नवं वाक्य टाइप करून छापायला धाडत होतो. मनात येईल ते लिहायचं. छापलंच जात नाही तर वाचणार कोण? दुपारी बायको शिवणाची टेप घेऊन आली आणि टेबलाची लांबी-रुंदी मोजून गेली.

ऊन कलता कलता बेल वाजली. दारात मेहुणा.

"सहज आलो," तो म्हणाला. (सहज! हातात स्क्रू-ड्रायव्हरचा डबा!) "भावोजी, राउटर कुठंय?"

"कपाटात. लोखंडी आहे, काळजी नको. किल्ली माझ्याकडेच असते."

तो त्या कारागिरासारखाच माझ्याकडे बघत राहिला. "जरा उघडता?"

मी उघडलं. थोड्याच वेळात बाहेर प्रिंटर खाकरला, आणि पहिलं पान सरसर बाहेर आलं!

"चालला! आणि जोडलाय मी! टेबल माझं!" मी अक्षरशः नाचलो.

बायकोने पान उचललं. "'चाचणी.'" मग दुसरं. "'चाचणी. शिलाई मशीनला जमिनीवर काय धाड भरलीय?'"

"अगं, ते आपलं उगाच..."

"'चाचणी. मेहुणा या घरात आला तर मी घर सोडून जाईन.'"

"भावोजी," मेहुणा गोड आवाजात म्हणाला, "मी निघू, की तुम्ही निघताय?"

प्लग उपटायला मी झेप घेतली, तर त्या जुन्या, आता बिनकामाच्या वायरीत पाय अडकून थेट जमिनीवर, शिलाई मशीनच्या शेजारी. तेवढ्यात शेवटचं पान आलं. बायकोने ते आधी मनात वाचलं, मग हसून मोठ्याने वाचलं:

"'बाबा रे, पाया पडतो तुझ्या. एकदाच चालू हो. टेबल गेलं तरी चालेल.'"

तिने ते पान माझ्यासमोर धरलं.

"झाला ना चालू?" तिने विचारलं.

"झाला," मी जमिनीवरून म्हणालो.

टेबलावर आता शिलाई मशीन आहे. शेजारी राउटर उघड्यावर लुकलुकतो, घरभर नेट येतं. प्रिंटरही झकास चालतो. आणि कपाटातली राउटरची रिकामी झालेली जागा बायकोने मोठ्या मनाने मला दिली आहे. हवेसाठी मागे भोक आहेच, म्हणाली.